ठोकळ्यांच्या संचाचे परीक्षण महिनाभर थांबून लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमधून मोठ्या माणसांसाठीच्या लेगो संचांची (एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या) ओळख छापून येऊ लागते. काळ्या खोक्यावर ‘१८+’ असा आकडा असलेले हे संच २०२० पासून वेगळे ओळखू येतात आणि ते हौसेने जुळवणारे लोक आता नाशिकमध्येही कमी नाहीत. या छंदाला वर्तमानपत्रात जागा मिळते याचा मनापासून आनंद आहे. पण या लेखांत बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: तुकडे किती, किंमत किती आणि पूर्ण झाल्यावर दिसते कसे. परीक्षण खोके उघडल्याच्या आठवड्यात लिहिले जाते. ज्या वस्तूवर चांगले पैसे मोजायचे आणि जी वर्षानुवर्षे फळीवर राहायची, तिचे गुणदोष पहिल्या आठवड्यात दिसत नाहीत. म्हणून विनंती अशी की संच जुळवून महिनाभर इथल्या हवेत ठेवावा, मग सोडवून पुन्हा जुळवावा आणि त्यानंतर लिहावे. त्यात नेमके काय पाहायचे, ते सविस्तर कळवत आहोत.

आधी तुकड्यांच्या आकड्याबद्दल. २०२१ मध्ये आलेल्या जगाच्या नकाशाच्या संचात ११,६९५ तुकडे आहेत आणि त्याच वर्षीच्या टायटॅनिकमध्ये ९,०९०. आकड्यावर गेलो तर नकाशा मोठा. पण नकाशा म्हणजे १२८ × ८० ठिपक्यांची चौकट, म्हणजे १०,२४० जागा, आणि त्या भरणारे एका स्टडचे, म्हणजे विटेवरच्या एका उंचवट्याएवढे, गोल ठिपके. काम शांत आहे, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे मन रमवणारे आहे, पण त्यात बांधणी अशी जवळजवळ नाही. टायटॅनिक १:२०० प्रमाणात, १३५ सेंटिमीटर लांब, तीन भागांत सुटणारे. त्याच्या पोटातला सांगाडा, आतल्या मजल्यांचे छेद, इंजिनाचे हलणारे दट्टे, दोऱ्यांचा ताण हे सगळे शिकण्यासारखे. दोन्ही संच आपापल्या जागी चांगले, पण ‘एका तुकड्याला किती रुपये पडले’ हा हिशेब दोघांना सारखा लावता येत नाही. त्यापेक्षा खोके वाण्याच्या काट्यावर ठेवून वजन छापले तरी वाचकाला प्लास्टिक किती मिळते आहे ते कळेल. परदेशातल्या किमतीचे रुपये करून ‘इथे महाग पडते’ असे लिहिण्यातही अर्थ नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले होते, त्यामुळे ही तुलना सरळ कधीच बसत नाही.

आता पकडीकडे वळू, कारण संचाचा सगळा जीव तिथे आहे. वरचे गोल उंचवटे म्हणजे स्टड आणि विटेच्या पोटातल्या नळ्या, या रचनेच्या पेटंटचा अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी झाला. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. स्टडचा व्यास ४.८ मिमी, दोन स्टडांच्या मध्यांतले अंतर ८ मिमी, विटेची उंची ९.६ मिमी आणि पातळ प्लेटची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटा मिळून एक वीट. एका स्टडची वीट ८ मिमी रुंद नसते, ७.८ मिमी असते. दोन्ही बाजूंना ०.१ मिमी सोडलेले असतात, म्हणून शेजारच्या विटा घासत नाहीत. स्टड मात्र वरच्या विटेची नळी आणि भिंत यांच्यामधल्या जागेपेक्षा किंचित मोठा असतो, ए.बी.एस. प्लास्टिक तेवढ्यापुरते दबते आणि धरून ठेवते. हा सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मोल्ड (साचा) झिजला की कडेला फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकचा पापुद्रा येतो, दाब कमी पडला की जाड भागामागे सिंक मार्क, म्हणजे खळगा दिसतो, थंड व्हायला वेळ कमी दिला की लांब तुकडा वाकतो. संचाच्या परीक्षकाने हेच पाहावे. १० किंवा १२ स्टडांची लांब प्लेट सपाट काचेवर ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघावे. एका स्टडच्या प्लेटची कड नखाने चाचपावी. नख अडले तर फ्लॅश आहे. विटेवर एका स्टडची प्लेट बसवून उलटी धरावी आणि मनगटाला हलका झटका द्यावा. पडली तर पकड सैल. आणि काढताना नख दुखावे इतकी घट्ट असेल तर तोही दोषच, कारण मोठ्या पृष्ठभागावर अशा शेकडो जागांचा ताण साचून पाया कमानीसारखा उचलला जातो. पारदर्शक तुकड्यांना वेगळे तपासावे. ते बरीच वर्षे ए.बी.एस.ऐवजी पॉलिकार्बोनेटचे असत आणि अशा पारदर्शकावर पारदर्शक बसवला की सुटता सुटत नाही. खिडकीच्या किंवा दिव्याच्या जागी असे दोन तुकडे एकमेकांवर आले असतील तर ती रचनेतली चूक समजावी आणि तसे लिहावे.

दुसरी पाहायची गोष्ट आडव्या बांधणीची. मोठ्यांच्या संचांची शोभा बहुतेक वेळा स्टड बाजूला वळवण्यात असते. त्याचे गणित साधे आहे: पाच प्लेटांची उंची १६ मिमी आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिमी. या जुळणीवर आडवा भाग उभ्या भागात फटीशिवाय बसतो. चांगला संच हे तत्त्व धरून चालतो. घाईत केलेला संच जागा भरण्यासाठी प्लेट उभी करून दोन स्टडांमधल्या फटीत खुपसतो. ती फट ८ वजा ४.८ म्हणजे ३.२ मिमी, आणि प्लेटची जाडीही ३.२ मिमी. कागदावर बरोबर जमते, हातात मोकळीक शून्य उरते. पहिल्या दिवशी अशी जागा छान घट्ट वाटते. महिनाभराने तिथली वीट किंचित फाकलेली असते आणि सोडवल्यावर तिची पकड परत येत नाही. म्हणूनच सोडवून पुन्हा जुळवा असे म्हणतो आहोत. दुसऱ्या जुळणीत जो भाग सैल लागतो, तिथे रचनाकाराने प्लास्टिकवर जबरदस्ती केलेली असते.

पूर्ण झालेल्या संचाची ताकद कशी पाहायची? पलंगावर चादर पसरून त्यावर दोन्ही हातांनी उचलावे, आधी पायाला धरून आणि नंतर माणूस सहज जिथे धरेल तिथे. घरात धूळ पुसणारी व्यक्ती पायाला धरून उचलत नाही, सोयीच्या जागी धरते. तिथून छप्पर किंवा मजला निघून हातात आला तर ते वाचकाला सांगायला हवे. इमारतींच्या मालिकेत, जी २००७ मध्ये कोपऱ्यावरच्या कॅफेने सुरू झाली, मजले मुद्दाम सुटे ठेवलेले असतात. तिथे मजला सहज निघणे हा गुण आहे. त्याच इमारतीचा जिना किंवा दर्शनी भाग हलत असेल तर तो दोष.

यंत्रांच्या, म्हणजे टेक्निकच्या संचांत लोकांचे सर्वाधिक तास एका छोट्या चुकीपायी जातात, म्हणून इथे थोडे थांबतो. भाग जोडणाऱ्या पिना दोन जातींच्या असतात. काळ्या दोन स्टडांच्या आणि निळ्या तीन स्टडांच्या पिनांवर बारीक कंगोरे असतात, त्या घट्ट बसतात. करड्या आणि फिक्या तपकिरी पिना गुळगुळीत असतात, त्या फिरायला मोकळ्या. अर्धी पिन, अर्धा आस असलेल्या तुकड्यांतही हाच भेद: निळा घट्ट, फिका तपकिरी मोकळा. फिरत्या सांध्यात निळा गेला की यंत्र जड चालते, मोटर असेल तर आचके देते, आणि दोष मोटरचा समजून माणूस भलतीकडे शोधत बसतो. उलट चौकटीत मोकळी पिन गेली तर गाडी डुगडुगते. दुसरी चूक गियर आणि चौकट यांत जागा न सोडण्याची. आस एका बाजूने पूर्ण ठोकला की गियर भिंतीला घासतो. कागदाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवावी. प्रत्येक क्रमांकाची पिशवी संपली की सगळे आस बोटांनी फिरवून पाहावेत. चाळिसाव्या पायरीची चूक चारशेव्या पायरीला कळली तर अर्धे यंत्र उघडावे लागते. पुस्तिका अशी तपासणी मधेच करायला सांगते की नाही, हे परीक्षणात जरूर यावे. २०२१ च्या टाइपरायटरच्या संचात, २,०७९ तुकड्यांचा तो, कळ दाबली की मधला दांडा उठतो आणि कागद धरणारी वरची गाडी सरकते. अशा संचात एकच पिन अर्धी बसलेली राहिली तर गाडी अडते, आणि ती पिन तोपर्यंत खोल आत गेलेली असते.

तुकडे कमी निघाले तर काय? पिशव्या वजनावर तपासल्या जातात, त्यामुळे अगदी हलके तुकडे एखाददुसरा जास्तच टाकलेले असतात. शेवटी ताटलीत चार-सहा बारके तुकडे उरले म्हणजे चूक झाली असे नाही. पण मोठा तुकडा उरला तर नक्की काहीतरी राहिले आहे. मागे जाऊन शोधावे. एखादा खरोखर नसेल तर पुस्तिकेच्या शेवटी प्रत्येक तुकड्याचा सहा-सात अंकी क्रमांक असतो, तो देऊन कंपनीच्या संकेतस्थळावर मागणी करता येते. हा क्रमांक आकार आणि रंग मिळून असतो. विटेच्या पोटात कोरलेला क्रमांक फक्त साच्याचा, उदाहरणार्थ दोन बाय चारच्या विटेवर ३००१. तो दिल्यास रंग कुठला, हा प्रश्न उरतो.

मांडून घेताना रंगांप्रमाणे ढीग करण्याची सवय पुष्कळांना असते. आकाराप्रमाणे करावेत. काळ्या तुकड्यांच्या ढिगात काळी पिन शोधणे कठीण, पण पिनांच्या ढिगात काळी पिन लगेच दिसते. जेवणाची स्टीलची ताटे यासाठी उत्तम, कडा उंच असतात आणि गोल तुकडे घरंगळून जात नाहीत. रात्री पिवळ्या दिव्याखाली काळा, गडद तपकिरी आणि गडद निळा एकच दिसतात. पांढऱ्या उजेडाचा दिवा हवा.

स्टिकरांची संख्या परीक्षणात न सांगणे ही मोठी उणीव आहे. मोठ्यांच्या महाग संचात नक्षी छापलेली असावी, चिकटवायची नसावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात कोरड्या हवेत स्टिकरच्या कडा उचलतात, रंग उडतो, आणि एकदा सोडवून पुन्हा जुळवताना दोन तुकड्यांवर पसरलेला स्टिकर फाटतो. लावायचेच असतील तर तुकडा आधी पुसावा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून बोटाने ओलावा द्यावा, चिमट्याने स्टिकर ठेवून जागेवर सरकवावा, मधून कडेकडे दाबत पाणी काढावे आणि रात्रभर हात लावू नये. ओलाव्यामुळे सरळ करायला मिनिटभर मिळते. कोरड्या तुकड्यावर पहिला स्पर्श हाच शेवटचा.

रंगाबद्दल एक इशारा, विशेषतः जुने संच विकत घेणाऱ्यांसाठी. २००४ च्या सुमारास दोन्ही करडे रंग निळसर झाले आणि जुना तपकिरी जाऊन तांबूस तपकिरी आला, त्यामुळे त्याआधीच्या विटा नव्यांत मिसळल्या की ठिगळे दिसतात. आणि काही वर्षांच्या उत्पादनातले तांबूस तपकिरी व गडद लाल तुकडे ठिसूळ निघाले, हे या छंदातल्या सगळ्यांना माहीत आहे. असा एक बाय दोनचा तपकिरी प्लेट-तुकडा काढताना अंगठ्याखाली बारीकसा ‘कट’ आवाज येतो आणि कोपऱ्यातून केसासारखी चीर खाली उतरते. हे तुकडे थंडीत सकाळी गार असताना उघडू नयेत. नखाने उपटण्याऐवजी सेपरेटरने (विटा सोडवायच्या छोट्या अवजाराने), सरळ वर उचलावेत.

नाशिकच्या हवेचे बोलू. ए.बी.एस.ला दमट हवेचे काही वाटत नाही. पावसाळ्यात बिघडते ती कागदी पुस्तिका आणि बॅटरीची पेटी. दिवे किंवा मोटर असलेल्या संचातले सेल जूनआधी काढून ठेवावेत, नाहीतर गळून पट्ट्या हिरव्या होतात. खरा शत्रू ऊन. पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवलेला पांढरा आणि फिका करडा भाग अतिनील किरणांनी पिवळा पडतो, तेही एकाच बाजूने, म्हणजे फिरवून ठेवला तर दोन रंगांचा दिसतो. मे महिन्यात बंद मोटारीत संच ठेवणे म्हणजे जिथे जिथे ताण आहे तिथे तो कायमचा वाकवणे. आणि धूळ: रस्त्यांची, बांधकामांची कामे चालू असलेल्या भागात चार दिवसांत स्टडांच्या मधे करडा थर बसतो. २०२२ चे ऑर्किड, २०२१ चा पुष्पगुच्छ किंवा बोन्साय असले पानाफुलांचे संच दिसायला मोहक (बोन्सायच्या फुलांत चक्क गुलाबी बेडकांचे तुकडे वापरले आहेत, आणि जुन्या साच्याचा असा नवा उपयोग हा रचनाकाराचा मोठा गुण आहे), पण उघड्यावर ठेवले तर महिन्यातच मळकट होतात. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश आणि कॅमेऱ्याचा हवेचा फुगा पुरतो. धुवायचेच तर सोडवून, ४० अंशांखालच्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने. स्टिकरचे आणि विजेचे भाग वगळून. मग सावलीत पंख्याखाली सुती कापडावर. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन ए.बी.एस. विरघळवते. थिनर आणि पेट्रोलही दूर ठेवावे. संचाच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवू नयेत.

काचेची पेटी करून घेणाऱ्यांसाठी मापे छापावीत. ३२ × ३२ स्टडांचा पाया २५.६ सेंटिमीटरचा असतो. आतून ३० सेंटिमीटरची पेटी केली तर बाहेर आलेले छज्जे मावतात. २०१७ चा मोठा ताजमहाल, ५,९२३ तुकड्यांचा, ५१ सेंटिमीटर रुंद आहे. साध्या पुस्तकांच्या कपाटाच्या फळीची खोली एवढी नसते. २०२१ चा लहान ताज २,०२२ तुकड्यांत २३ सेंटिमीटरवर भागवतो. आयफेल टॉवर १४९ सेंटिमीटर उंच आहे, त्याला फळी नव्हे, जमीन लागते.

बाजारात मिळणाऱ्या इतर विटांविषयी सरसकट ‘नकली’ हा शब्द वापरला जातो, तो टाळावा. विटेच्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये विटेच्या आकारावर ट्रेडमार्कचा हक्क नाकारला. म्हणजे ८ मिमीच्या मापात स्वतःची रचना करून विकणे रास्त आहे. दुसऱ्याचा संच, खोक्यावरचे चित्र आणि नाव उचलणे ही चोरी. ओळखायला सोपे: अस्सल लेगोच्या स्टडवर नाव उमटलेले असते. आयएसआय चिन्हाची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून आहे, पण तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. प्रौढांच्या संचाची पारख तुकडा हातात घेऊनच करावी. दुसऱ्या कंपनीच्या विटा अस्सल विटेवर बसवून, काढून, पुन्हा बसवून पाहाव्यात. वीसदा केल्यावर पकड कशी राहते, हे परीक्षकाने लिहावे.

शेवटी, संच सोडवल्यावर त्यातले काय उपयोगी पडते हेही सांगावे. आपल्या गावात सराफ बाजारातला सरकारवाडा आहे, जुन्या नाशकात अजून काही वाडे उभे आहेत. ठोकळ्यांत बांधायला याहून चांगला विषय कोणता? सुरूदार, म्हणजे वर निमुळत्या होणाऱ्या खांबासाठी दोन बाय दोनची गोल वीट, तिच्यावर दोन विटा उंचीचा शंकू, त्यावर एका स्टडच्या दोन गोल विटा: एकूण पाच विटा, म्हणजे ४८ मिमी. लेगोचा छोटा माणूस सुमारे ४० मिमीचा, त्याच्या डोक्यावर प्रमाण बरोबर बसते. अडचण वरच्या दोन विटांत येते. एकेका स्टडवर उभा खांब वरचा कडीपाट ठेवताना कलंडतो. गोल विटांच्या पोकळ स्टडमधून ३.२ मिमीची दांडी ओवली की तो ताठ राहतो. सहा खांबांच्या ओसरीला अशा बारा बारक्या गोल विटा आणि सहा शंकू लागतात, तेही तपकिरी. ते कोणत्या नव्या संचात एकगठ्ठा मिळतात, ही माहिती नाशिकच्या बांधणाऱ्याला रंगीत छायाचित्रापेक्षा जास्त हवी आहे.

तेव्हा पुढच्या परीक्षणाशेजारी एक छोटी चौकट द्यावी: वजन, बाहेरची मापे, स्टिकर किती, दुसऱ्यांदा जुळवताना सैल लागलेल्या जागा कोणत्या. आणि जमल्यास त्याच संचावर मेच्या अखेरीस चार ओळी पुन्हा छापाव्यात. पिवळेपणा, उचललेल्या कडा आणि फाकलेले सांधे तेव्हाच दिसतात.

आपले,
ठोकळ्यांची बांधणी करणारे काही वाचक, नाशिक